वांगं जुनं, सारण नवं: सावद्याच्या भरल्या वांग्यांची आणि मांड्यांची गोष्ट

आपल्या या गप्पांमध्ये लढाया झाल्या, तह झाले, किल्लेही पुष्कळ झाले. आज वांगं घेऊ. हसू नका, वांग्याला इतिहास आहे, आणि बऱ्याच राजघराण्यांपेक्षा जुना आहे.

एक साधा प्रश्न. भरलं वांगं तुम्ही खाल्लंच असेल. त्याच्या पोटात काय असतं? दाण्याचं कूट आणि लाल तिखट, बरोबर? आता गंमत बघा. वांगं इथलं, आपल्या मातीतलं. पण भुईमूग आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडांकडची. पोर्तुगीज जहाजं या किनाऱ्याला लागायच्या आधी आपल्याकडे दोन्ही नव्हतं. मग त्याआधी वांग्यात काय भरायचे?

याचं एक उत्तर लिहिलेलं सापडतं, आणि ते जवळपास 900 वर्षांपूर्वीचं आहे. तिकडे जाऊच, पण आधी सावद्याला जाऊ, कारण आजची गोष्ट तिथून नीट दिसते.

सावदा म्हणजे जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातलं गाव. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मध्ये काळी कसदार जमीन. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या रेल्वेने गेलात तर वाटेत सावद्याचं स्टेशन लागतं. शेजारी फैजपूर, तेच जिथे 1936 साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन झालं. आज सावदा म्हटलं की लोकांना केळी आठवतात. इथून केळीने भरलेल्या रेल्वे उत्तर भारतात जातात, आणि जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण शंभर-सव्वाशे वर्षं मागे जा. इंग्रज सरकारच्या इम्पिरियल गॅझेटियरमध्ये सावद्याबद्दल छोटीशी नोंद आहे. 1852 साली जमिनीच्या मोजणीविरुद्ध इथे दहा ते पंधरा हजार लोक जमले आणि फौज आणून त्यांचे पुढारी पकडेपर्यंत हलले नाहीत, हे त्यात येतं. (या बंडावर एक अख्खा भाग व्हायला हवा, आज नको.) आणि पुढे व्यापाराचं एक वाक्य: कापूस, हरभरा, जवस आणि गहू.

त्या यादीत केळी नाही. भुईमूगही नाही. पण गहू आणि हरभरा आहे. म्हणजे पुरणपोळीची पारी आणि पुरणपोळीचं पुरण. हे लक्षात ठेवा, आपण त्यावर परत येऊ.

तर 900 वर्षांपूर्वीचं वांगं.

बाराव्या शतकात कल्याणीला, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला, चालुक्यांची राजधानी होती. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाच्या नावावर ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ आहे, साधारण 1130 च्या आसपासचा. राजाने काय काय करावं, कसं जगावं, याचा तो जाडजूड कोश आहे. हत्ती, रत्नं, शिकार, संगीत, कुस्ती, सगळं त्यात आहे. त्यातच जेवणावर एक मोठं प्रकरण आहे. आणि त्यात भरलं वांगं आहे.

कृती अशी. वांग्याच्या देठाजवळ भोक पाडायचं. आतल्या बिया काढून टाकायच्या. मसाला लावलेला मांसाचा खिमा आत भरायचा. मग थोडं तेलात परतायचं आणि नंतर रश्श्यात सोडायचं. या पदार्थाचं नाव तिथे दिलंय ‘पूरभट्टाक’. पूर म्हणजे भरणं, भट्टाक म्हणजे वांगं. शब्दशः भरलं वांगं!

मला यात खिमा असण्याचं फार नवल वाटत नाही. राजाचं स्वयंपाकघर, शिकारीची आवड, मांस असणारच. नवल वाटतं ते पद्धतीचं. आधी तेलात परतणं, मग रश्श्यात सोडणं. आज सावद्यातल्या कुठल्याही घरात डोकावा, हाच क्रम दिसेल.

आता साडेतीनशे-चारशे वर्षं पुढे या आणि सातपुडा ओलांडा. सातपुड्याच्या पलीकडे नर्मदा, आणि नर्मदेच्या पलीकडे माळव्यातलं मांडू. तिथे पंधराव्या शतकाच्या शेवटी गियासुद्दीन शाह नावाचा सुलतान होता. 1469 साली गादीवर आला आणि राज्याचा बराचसा कारभार मुलावर सोपवून स्वतः खाण्यापिण्यात आणि सुगंधी द्रव्यांत रमला. त्याच्या आवडीच्या पाककृतींचा एक चित्रमय ग्रंथ आहे, ‘निअमतनामा’. आज तो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात सामोशांचे कितीतरी प्रकार आहेत. एका प्रकारात खिमा, कांदा, सुंठ, लसूण आणि केशर असं सारण आहे, आणि त्यात घातलाय वांग्याचा गर. म्हणजे कल्याणीला वांग्याच्या पोटात खिमा होता, मांडूला खिम्याबरोबर वांगंच दुसऱ्याच्या पोटात गेलं. भरायची वस्तू आणि भरणारी वस्तू अशी जागा बदलत राहते.

दोन्ही ग्रंथांत मिरची नाही, बटाटा नाही, टोमॅटो नाही, शेंगदाणे नाहीत. तिखटपणा येतो मिऱ्यातून, आल्यातून.

मिरची आणि भुईमूग नंतर आले, हे शोधायला ग्रंथ उघडायचीही गरज नाही. नावं बघा. ‘मिरची’ हा शब्द ‘मिरी’वरून आला. नवीन तिखट वस्तू आली, तिला ओळखीच्या तिखट वस्तूचं नाव देऊन टाकलं. ‘भुईमूग’ तर आणखी उघड. भुईतला मूग! मूग ओळखीचा होता, हा नवा पाहुणा जमिनीखाली लागतो, म्हणून भुईमूग. एखाद्या पदार्थाचं नाव दुसऱ्या पदार्थावर टेकलेलं दिसलं की समजावं, हा नंतर आलेला आहे.

पण आला तो असा काही मुरला की आता त्याच्याशिवाय खान्देशी भाजी सुचत नाही. आणि यामागे केवळ चव नाही. खिमा रोज परवडत नाही, बऱ्याच घरांत चालतही नाही. दाणे मात्र घट्ट आहेत, पोटभरीचे आहेत, त्यात तेल आहे, आणि घरच्या शेतात पिकतात. तीळ, खोबरं, हरभऱ्याचं पीठ हे आपल्याकडे भुईमुगाच्या कितीतरी आधीपासून होतं, आणि तेही अजून सारणातून गेलेलं नाही. फक्त मुख्य आसन दाण्यांनी घेतलं.

आता जे पुण्या-मुंबईला खोली करून राहतात आणि ज्यांच्याकडे एक गॅस, एक कढई आणि थोडा धीर आहे, त्यांच्यासाठी सांगतो. भरलं वांगं अवघड नाही.

वांगी लहान घ्या, जांभळी, देठाला काटे असलेली. भरताची मोठी हिरवी वांगी नकोत. (जळगावच्या भरताच्या वांग्यालाही 2016 चंच मानांकन आहे, पण त्याचा मान भाजण्यात आहे. भरीत या शब्दात ‘भर’ दिसत असलं तरी त्यात काही भरलेलं नसतं.) देठ ठेवून खालून चार चिरा द्या, फूल उमलल्यासारखं व्हायला हवं, तुकडे व्हायला नकोत. चिरलेली वांगी लगेच मिठाच्या पाण्यात टाका, नाहीतर काळी पडतात. दाणे खमंग भाजून जाडसर कुटा. मिक्सरला लावायचे असतील तर थांबून थांबून फिरवा. सलग फिरवलेत तर दाण्याला तेल सुटून गोळा होतो. कांदा आणि सुकं खोबरं जवळजवळ काळं होईपर्यंत भाजायचं, तीळ हलके भाजायचे, लसूण, कोथिंबीर, काळा मसाला, तिखट, मीठ, सगळं कुटात कालवायचं. हे सारण चिरांमध्ये दाबून भरा. उरलेलं सारण फेकू नका, त्याचाच रस्सा होतो.

वांगं म्हणजे आतून स्पंज असतो. त्यात हवा भरलेली असते, म्हणून ते तेल पिऊन टाकतं आणि आपण घाबरून आणखी तेल ओततो. मिठाच्या पाण्यातून काढलेलं वांगं जरा कमी तेल पितं. मोहरी-हिंगाची फोडणी करा, वांगी एकेक करून ठेवा, आच मंद करा, आणि वर ताट झाकून त्या ताटात पाणी ओता. ताटातलं पाणी गरम होतं, आतली वाफ ताटाला लागून थेंब होऊन परत वांग्यावर पडते, त्यामुळे भाजी करपत नाही. थोड्या वेळाने तेच गरम झालेलं पाणी रश्श्याला घाला. गार पाणी घालू नका. वर तेलाचा लाल तवंग आला की झालं.

गूळ-चिंच? पुण्याकडे घालतात. घालणाऱ्यांशी माझं वैर नाही. पण काळ्या मसाल्याच्या भाजीत गूळ पडला की मला तरी ती भाजी कोणाची तरी समजूत घालतेय असं वाटतं.

वांग्याच्या मागे मग सगळी रांग आहे. कारली, भेंडी, तोंडली, कच्ची केळी, मसाला भरून उन्हात वाळवलेली सांडगी मिरची. गोडात सांजोऱ्या, म्हणजे गुळाचा सांजा भरलेल्या. तुर्की भाषेत ‘डोलमा’ म्हणजेच भरलेलं, आणि त्या नावाने वांगी, मिरच्या, द्राक्षाची पानं असं काय काय भरतात. त्यामुळे ‘भरलं वांगं फक्त आमचंच’ असं म्हणायच्या भानगडीत मी पडणार नाही.

पण एक गोष्ट आहे जिच्या बाबतीत खान्देशाने छाती पुढे काढावी. मांडे.

खापरावरच्या पुरणपोळीला इकडे मांडे म्हणतात. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, हे पोळपाट-लाटण्याचं काम नाही. गव्हाची कणीक सैल मळून, आपटून-आपटून, ओढून ती रबरासारखी करतात. उंड्यात हरभऱ्याच्या डाळीचं पुरण भरतात, तेही सढळ हाताने. मग तो उंडा दोन्ही हातांवर घेऊन, या हातावरून त्या हातावर, थापत, झुलवत, मनगटापर्यंत, कोपरापर्यंत पसरवत नेतात. पोळी इतकी पातळ होते की आतलं पुरण दिसतं, पण ती फाटत नाही. आणि मग एका झोक्यात ती चुलीवरच्या उपड्या मातीच्या खापरावर पडते. खापर घुमटासारखं असतं, आतून चुलीची धग लागते, वरून पोळी आपल्याच वजनाने ताणली जाते. काही क्षणांत भाजून निघते, आणि रुमालासारखी घडी होते.

‘मनात मांडे खाणे’ हा वाक्प्रचार आठवा. मनातच खावे लागतात, कारण करायला इतके कठीण.

आता परत ‘मानसोल्लास’ उघडू. त्यात ‘मंडक’ आहे. गहू धुवायचे, उन्हात वाळवायचे, दळायचे, बारीक चाळायचे. तूप-मीठ घालून मळायचं, गोळे करायचे, हाताने पसरायचे आणि तापलेल्या खापरावर टाकायचे. खापराला शब्द आहे ‘खर्पर’. मंडक आणि मांडे, खर्पर आणि खापर. 900 वर्षांत या दोन शब्दांची जी झीज झाली ती एवढीच. वांग्यात जे झालं तेच इथे. आतलं काय ते बदलत राहिलं, बेळगावकडचे मांडे पिठीसाखरेचे, आपले पुरणाचे. पण हात आणि खापर तेच.

बऱ्हाणपूरला जा. सावद्याहून रेल्वेने तासाभराच्या आतबाहेर. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण फारुकी सुलतानांच्या काळात तीच खान्देशाची राजधानी. 1601 मध्ये अकबराने शेजारचा असीरगड घेतला तेव्हा ते राज्य संपलं. त्या बऱ्हाणपुरात आजही ‘मांडा’ विकतात. हातावर झुलवून पसरलेली भलीमोठी रोटी, मोठ्या उपड्या लोखंडी कढईवर भाजलेली. त्यात पुरण नसतं, ती मटणाच्या रश्श्याबरोबर खातात. सावद्याच्या आखाजीच्या ताटातला पदार्थ आणि बऱ्हाणपूरच्या मुसलमान खानावळीतला पदार्थ, नाव एक, हात एक.

आणि आता सावद्याच्या दुसऱ्या बाजूला, मुक्ताईनगरला. तापीच्या काठचं मेहूण आणि कोथळी, इथे मुक्ताबाईंचं स्थान. 1297 साली मुक्ताबाई इथे गेल्या असं परंपरा मानते. मुक्ताबाई आणि मांडे यांची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. निवृत्तीनाथांना मांडे खावेसे वाटले. मुक्ताबाई कुंभाराकडे खापर आणायला गेल्या. विसोबा चाटीने सगळ्या कुंभारांना दम दिला, या संन्याशाच्या पोरांना खापर द्यायचं नाही. मग ज्ञानदेवांनी योगाने आपली पाठ तापवली आणि मुक्ताबाईंनी त्या पाठीवर मांडे भाजले.

ही आख्यायिका आहे. संतचरित्रांतून आणि कीर्तनांतून ती आपल्यापर्यंत पोहोचली. चमत्कार मानायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मला त्यातला दुसराच तपशील महत्त्वाचा वाटतो. वाळीत टाकणं म्हणजे काय, हे या गोष्टीत एका भांड्यावरून कळतं. पीठ घरचं, पुरण घरचं, सरपण घरचं. खापर मात्र कुंभाराकडूनच यायला हवं. गावाने हात आखडला की तुमच्या घरचा सण थांबतो. मांडे एकट्याच्या बळावर होत नाहीत, आणि विसोबाला ते बरोबर माहीत होतं.

खान्देशात हे सगळं एकत्र येतं आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला. सासरच्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. पूर्वजांच्या नावाने मातीची घागर भरतात. ताटात मांडे, आमरस, कुरडया, सांजोऱ्या. आणि सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या कराराने शेतात राबणाऱ्या गड्याचं, सालही आखाजीला संपतं आणि नवं सुरू होतं. मालकाकडे लेकी झोके घेत असतात त्याच दिवसांत सालदाराचा हिशेब होतो, उचल किती, फिटली किती. आखाजीची गोड वर्णनं पुष्कळ ऐकायला मिळतात, त्यात हा हिशेब सहसा नसतो. म्हणून सांगितलं.

आणखी एक गोष्ट वर्णनांत नसते. ‘मानसोल्लास’ राजाच्या नावावर. ‘निअमतनामा’ सुलतानाच्या नावावर. मराठीत छापलेल्या सुरुवातीच्या पाकपुस्तकांपैकी एक ‘सूपशास्त्र’, 1875 चं, तेही रामचंद्र सखाराम गुप्ते या पुरुषाचं. बाईचं नाव मुखपृष्ठावर यायला वेळ लागला. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ 1910 चं, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ 1970 ची. आणि खापरावर मांडे टाकणारी सावद्याची, यावलची, रावेरची बाई? ती कुठल्याच पुस्तकात मावत नाही, कारण तिचं ज्ञान वाटी-चमच्यात सांगता येत नाही. कणीक किती सैल, हे ती बोट घालून सांगते. खापर तापलं का, हे पाण्याचा शिपका मारून. याच जिल्ह्यातल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (1880–1951) लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या मुलाने आणि नात्यातल्यांनी उतरवून ठेवल्या म्हणून 1952 साली पुस्तक निघालं. मांडे असे उतरवून घेता येत नाहीत. ते शेजारी बसून, चटके खाऊनच येतात.

आता ज्या बायकांना येतात, त्यांना लग्नकार्यात आणि आखाजीला बोलावणं असतं. बचतगटांच्या ‘महालक्ष्मी सरस’ प्रदर्शनात मुंबईला खान्देशी मांड्यांच्या स्टॉलपुढे रांग लागते. लोक मोबाईल काढून व्हिडिओ करतात, तिचे हात दिसतात, चेहरा बऱ्याचदा दिसत नाही. पैसे मिळतात, आणि ते मिळायलाच हवेत. दिवसभर चुलीच्या धगीपुढे उभं राहून, तळहातावर गरम वाफ घेत केलेलं हे काम आहे. ते ‘आजीच्या हातची चव’ म्हणून फुकटात मोजलं जाऊ नये असं माझं मत आहे. भाव करायचाच असेल तर केळीचा करा.

आणि चूल? फ्लॅटमध्ये चूल नाही. खापर गॅसवर ठेवलं तर धग एका जागी लागते आणि तडकण्याची भीती. म्हणून शहरात गेलेल्या बऱ्याच खान्देशी घरांनी एक वाट काढलीय. लोखंडी कढई गॅसवर उपडी घालायची आणि तिच्या पाठीवर मांडे टाकायचे. पोळी लहान होते, घडी दोनचीच पडते, पण होते. पहिले दोन-चार फाटतात, ते दुधात कुस्करून खायचे. बऱ्हाणपूरचा मांडा कशावर भाजतात ते आठवतंय ना? उपड्या लोखंडी कढईवर.

चला, पुढच्या भागात ते 1852 चं मोजणीचं बंड घेऊ. तोवर वांगी लहान बघून घ्या.